बारा नळ्यांतला साका

साका किती वाळवायचा हे मला शिकवणारं माणूस अजून जन्माला यायचं आहे, असं मी त्या मे महिन्यापर्यंत मानत होतो.

साका म्हणजे तळाशी बसतो तो. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळली की भांड्याच्या बुडाला पांढरा थर धरतो, तो साका. झाडाच्या पानाफुलांतलं प्रोटीन काढतात तेही शेवटी असंच बोटभर नळीच्या तळाला बसतं, मुगाच्या डाळीएवढं. प्रयोगशाळेतली मुलं त्याला पेलेट म्हणतात. मी साकाच म्हणत आलो, आणि माझं ऐकून चार शिकलेली माणसंही साका म्हणायला लागली.

माझी शाळा चौथीत सुटली. रत्नागिरीच्या बाहेर कातळावर एक संशोधन केंद्र आहे. त्याचं नाव घालत नाही; या लिखाणात मी कुणाचंच नाव घालणार नाही, माझंसुद्धा नाही. तिथे मी आधी कलमं बांधायला होतो. मग एका साहेबांनी प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला घेतलं, आणि तिथेच माझा हात खलबत्त्याला लागला. खलात पातळ नायट्रोजन ओततात. तो पाण्यासारखा खळखळतो आणि धूर सोडतो, पण एवढा गार की त्यात फूल टाकलं तर काचेसारखं कडक होतं. ते तसंच कुटून पीठ करायचं, त्याचा गारठा जरासुद्धा सुटू द्यायचा नाही. सुटला की फुलातला चीक आणि तुरटपणा मोकळा होतो आणि सगळं चिरून ठेवलेल्या केळफुलासारखं काळं पडतं. कुटायचं एक मशीनही आणलं होतं. माझं पीठ त्याच्याहून बारीक निघतं, हे मी नाही बोललो, मशीन बसवायला आलेला माणूस बोलला. म्हणून निवृत्त झाल्यावरही अवघड काम निघालं की मला बोलावणं यायचं, आणि मी लांज्याकडून पहिल्या एसटीने हजर व्हायचो.

ती मुलगी घाटावरची, कोल्हापूरकडची. पीएच.डी. करायला आली होती. पहिल्याच दिवशी तिने माझ्यापुढे हातमोजे धरले.

"कशाला गो बाय? हात धुतलेत मी."

"धुतले तरी कातडी असतीच की आजोबा. तिच्यातलं प्रोटीन मिसळतंय. मग प्रोटीन ओळखायच्या मशीनला आंब्याच्या जागी तुम्हीच दिसाल."

"दिसलो तर दिसलो. त्या मशीनचे डोळे तरी निवतील."

ती हसली, पण हातमोजे तसेच धरून राहिली. मी घातले. तिचं हे असं होतं. हसायची, आणि आपलं तेच करून घ्यायची. मला त्या बाबतीत ती आवडली होती, कारण मी हसत नाही, पण बाकी तसाच आहे.

तिला मोहोर हवा होता. आंब्याच्या मोहोरावर भुरी पडते, पांढरी बुरशी, आणि एका आठवड्यात झाडभरचा मोहोर करपून जातो. काही झाडांना ती धरत नाही. का धरत नाही, मोहोरातलं कुठलं प्रोटीन तिला अडवतं, हे तिला शोधायचं होतं. मी म्हटलं, मग माझ्या झाडापाशी ये. गावातल्या घरामागे आमच्या वडिलांच्या हातचं रायवळ झाड होतं. आंबा आंबट, कोण विचारत नसे. पण त्याच्या मोहोराला भुरी पडलेली मी जन्मात पाहिली नाही. तिला खरं वाटेना. ती दोन हिवाळे येऊन बघून गेली, तेव्हा पटलं. मग जानेवारीत ती नायट्रोजनची टाकी घेऊन आली, मी शिडीवर चढून मोहोर तोडला आणि तिने तो जागच्या जागी गोठवला. शेजारच्या बागेतला हापूसचा मोहोरही घेतला, ताडून बघायला.

मार्चमध्ये रस्ता रुंद करणारे आले आणि झाड गेलं. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. जमीन आधीच त्यांच्याकडे गेलेली होती, ते त्यांचं काम करत होते. करवतीला एक सकाळ पुरली.

तेव्हा त्या झाडाचं जे काय उरलं होतं, ते केंद्राच्या गारठ्याच्या पेटीत, डब्यांत. त्यातलंही अर्धं पहिल्या खेपेला वाया गेलं. त्या खेपेचा साका तपकिरी निघाला, कात कालवल्यासारखा. मग तिच्या पुण्याच्या सरांनी दुसरी रीत सांगितली. तिच्यात फिनॉल लागतं. जुन्या सरकारी दवाखान्यात पाय ठेवला की जो वास यायचा, तोच. उरलेला सगळा मोहोर मी कुटला. त्या पिठाच्या बारा नळ्या झाल्या, सहा आमच्या झाडाच्या आणि सहा हापूसच्या. त्या रात्रभर गोठणपेटीत राहिल्या आणि सकाळी मशीनमध्ये गरगर फिरवून काढल्या, तर बाराच्या बारा नळ्यांच्या तळाला पांढरा साका. तपकिरीचा टिपूस नाही.

"आजोबा!" ती ओरडलीच. "बघा की!"

"बघतोय," मी म्हटलं. "पीठ कुणी केलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राची गाडी पुण्याला जाणार होती. तिथल्या प्रोटीन ओळखायच्या मोठ्या मशीनवर तिची पाळी लागली होती. ती चुकली तर पुढची कधी लागेल सांगता येत नव्हतं, आणि लागून उपयोग काय? मोहोर संपला होता. आमच्या झाडाच्या निदान तीन नळ्या तरी चांगल्या हव्यात, ती म्हणाली होती. तीनपेक्षा कमी असल्या तर पुण्याचे सर मोजतच नाहीत. एकदा दिसलं तर योगायोग, तीनदा दिसलं तर खरं, असा त्यांचा हिशेब.

गार अ‍ॅसिटोनने साका तीनदा धुतला. अ‍ॅसिटोन ओतून टाकला आणि नळ्या उघड्या ठेवल्या. तेवढ्यात तिचा फोन थरथरला. प्रयोगशाळेत फोन वाजतो पण बोललेलं ऐकू येत नाही. बोलायचं तर बाहेर, पाण्याच्या टाकीपाशी, कातळावर उभं राहावं लागतं.

"सरांचा आहे," ती म्हणाली. "आजोबा, दहा मिनिटं. वास जेमतेम राहिला की झाकणं लावा. पूर्ण कोरडं करायचं न्हाई हां. जरा ओलसरच पाहिजे."

"जा गो. मला काय सांगतेस?"

तिने सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला वाटायला नको की म्हातारा बहिरा होता.

दहा मिनिटांनी मी नळ्या उजेडात धरल्या. साका ओला होता, चुन्याच्या निवळीखालच्या गाळासारखा चमकत होता. बाहेर मे महिन्याची हवा, अंगातला सदरा पाठीला चिकटलेला. अशा हवेत ओलं झाकायचं? आमच्या घरी मे महिना म्हणजे वाळवणाचा महिना. आमसुलं, साठं, सुकट, चिंच. खळ्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि आत काय घ्यायचं नि काय राहू द्यायचं ते मी ठरवतो, घरची बाई नाही. चिमटीत मोडून बघायचं. मोडलं तर आत, वाकलं तर अजून एक ऊन. एका वर्षी घाईत आमसुलं अर्धवट वाळलेली बरणीत भरली गेली, तर श्रावणात झाकण काढल्यावर आत केसाळ बुरा. तेव्हापासून ओल्या वस्तूवर झाकण ठेवायला माझा हात उचलत नाही.

आणि ह्या नळ्या तर आमच्या झाडाच्या. म्हटलं, अजून पाच मिनिटं. पाचाची पंधरा झाली. साका कडेने पांढरा झाला, मधे अजून ओला. मी स्टँड उचलून पंख्याखाली नेला. ती टाकीपाशी फेऱ्या घालत बोलत होती, मग तिथूनच ऑफिसकडे गाडीच्या कागदावर सही करायला गेली. घड्याळात एक तास झाला तेव्हा नळीला टिचकी मारली की साका आत खुटखुट वाजत होता, तांदळाच्या कणीसारखा. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मी बारा झाकणं दाबून लावली.

ती आली. वही उघडून विचारलं, "दहा मिनिटांत लावली ना झाकणं?"

तासभर लागला, मी चांगलं खडखडीत वाळवलं, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तिने विचारताना वर पाहिलंसुद्धा नाही. पेन टेकवून बसली होती, जणू उत्तर ठरलेलंच. आणि माझ्या ध्यानात आलं, की ती सांगून गेली होती ते मी मोडलं आहे. "होय," मी म्हटलं. तिने लिहिलं, दहा मिनिटे.

एवढाच शब्द. त्या एका शब्दाचा पुढे काय घोळ झाला बघा.

तिने नळ्यांत युरियाचं पाणी घातलं. शेतात टाकतो तोच युरिया, पण शुद्ध केलेला. त्यात साका विरघळतो आणि मग तो मशीनला देता येतो. अर्धा तास झाला, साका विरघळला नाही. तळापासून सुटून खपल्यांसारखा पाण्यात तरंगत राहिला, माशाची खवलं धुतलेल्या पाण्यासारखा. तिने नळी हलवली, उलटी केली, परत उजेडात धरली.

"असं का व्हावं?" ती स्वतःशीच म्हणाली.

मी बेसिनपाशी खल धूत होतो. धुतलेला खल परत धुवायला घेतला.

तिने युरियाची बाटली उचलून बघितली. आत गोळे झाले होते. आमच्याकडच्या हवेत मीठ पाणी सोडतं, युरियाचं काय. तिचा चेहरा उतरला.

"युरिया खराब झालाय, आजोबा. मीच बघायला पायजे होतं. खराब युरिया प्रोटीनला नासवतो. एकेक मिनिटाला नासवतोय." तिचा आवाज चढला. "हे पाणी काढून टाकते आधी. परत अ‍ॅसिटोननं धुते. नवीन बाटली फोडते."

"काढून टाकतेस म्हणजे?"

"म्हणजे बेसिनमधे. त्यात काय राहिलंय?"

तिने आमच्या झाडाची पहिली नळी हातात घेतली. पाणी शोषून घ्यायचं ते पेनासारखं यंत्र घेतलं, त्याला नवीन टोक लावलं.  

त्या पाण्यात काय होतं ते मला माहीत होतं. इतकी वर्षं भांडी धुतली, एवढं तरी कळतं, की खपल्या तरंगतायत म्हणजे थोडं तरी पाण्यात उतरलंय. ते बेसिनमध्ये गेलं की गेलं. आणि युरिया बिघडलेला नाही, बिघडलोय तो मी. गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. तिने युरियाला दोष दिला असता, स्वतःला दिला असता, सरांनी तिला झापलं असतं, आणि मी परतीची एसटी पकडून घरी. चौथी न शिकलेला माणूस, चाळीस वर्षांत एक भांडं न फोडलेला, शेवटच्या कामात चुकला, हे कुणाच्या तोंडी आलं नसतं.

यंत्राचं टोक नळीत गेलं.

"थांब गो," मी म्हटलं.

"आजोबा, वेळ न्हाई."

"थांब म्हणतो ना! युरिया बरा आहे. झाकणं मी तासाने लावली."

ती वळली. यंत्र हातात तसंच.

"काय?"

"एक तास. पंख्याखाली ठेवली होती. ओलं झाकवेना मला."

"मी विचारलं तेव्हा होय म्हणालात."

"म्हणालो."

तिने यंत्र नळीतच रिकामं करून खुंटीला लावलं, नळीचं झाकण लावलं. मग हातमोजे काढले, ते उलटे होऊन निघाले, आणि टोपलीत टाकले. एवढं सगळं करेपर्यंत तिने माझ्याकडे बघितलं नाही. मला कुणी शिव्या दिल्या तर मी उभा राहून परत देतो. असं गप्प राहिलेलं मला सोसत नाही.

"बोल काय ते," मी म्हटलं.

"काय बोलू? तुम्ही कुणाचं ऐकताय व्हय? प्रोटीन म्हणजे आमसूल न्हाई, आजोबा! एवढं वाळलं की ते आवळून बसतं, पाणी आत शिरत न्हाई. म्हणून दहा मिनिटं सांगितली. मौज म्हणून न्हाई सांगितली."

"झाड माझं होतं," मी म्हटलं. ते बोलायला नको होतं.

"झाड तुमचं. आणि तीन वर्षं माझी."

ती फोन घेऊन बाहेर गेली. खिडकीतून मला दिसत होती, टाकीपासून फाटकापर्यंत आणि परत. उन्हात छत्री नाही, डोक्यावर ओढणी नाही. परत आली तेव्हा तोंड लाल झालं होतं.

"सर म्हणाले, भिजू द्या. गरम करायचं न्हाई, जोरात हलवायचं न्हाई, हातानं सावकाश उलटसुलट करत राहायचं. संध्याकाळपर्यंत जेवढं येईल तेवढं."

"आणि?"

"आणि कुणी वाळवलं विचारलं. मी तुमचं सांगितलं."

"सांगितलंस?"

"मग खोटं सांगू? ते काम तुमचं." तिने फोन टेबलावर उपडा ठेवला. मग म्हणाली, "तुम्हाला खोलीबाहेर बसवा म्हणाले."

"मी नाय जायचा."

"मग हात मागं बांधून बसा."

मी स्टुलावर बसलो. हात मागे बांधले नाहीत, मांडीवर ठेवले. तिने बारा नळ्या पुढ्यात घेतल्या आणि एकेक उचलून उलटी-सुलटी करायला लागली. बारा नळ्या आणि दोन हात. बाराव्या नळीपर्यंत येईस्तोवर पहिलीतल्या खपल्या परत तळाला बसत. असं अर्धा तास चाललं. मग न बोलता तिने सहा नळ्यांचा स्टँड माझ्याकडे सरकवला. झाकणांवर बघितलं. हापूसच्या होत्या.

आमच्या झाडाच्या तिने स्वतःकडे ठेवल्या. मला ते लागलं, खोटं का सांगू. वाटलं, सरकवावा स्टँड परत आणि उठावं. पण उठून जायचं कुठे? मी नवे हातमोजे घातले, न सांगता, आणि हलवायला लागलो.

जेवायला ती गेली नाही, मीही नाही. माझा डबा पिशवीत तसाच. खपल्या आधी कडेने निवळल्या, भात उकडताना दाणा कडेने पारदर्शक होत जातो तशा. मग लहान झाल्या. दोन वाजता हापूसच्या दोन नळ्या साफ झाल्या. अडीचला आणखी दोन. आमच्या झाडाचा साका जाड होता, तो हटत नव्हता. वडिलांनी लावलेलं झाड, दुसरं काय होणार, असं मनात आलं, पण बोललो नाही.

साडेतीनला तिने पहिली परीक्षा घेतली. तांबूस रंगाचं एक पाणी असतं, त्यात नळीतला एक थेंब टाकायचा. प्रोटीन उतरलं असेल तर ते निळं होतं, नसेल तर तांबूसच राहतं. हापूसच्या चार नळ्यांचे थेंब टाकले, चारही निळे. आमच्या झाडाची पहिली निळी. दुसरी निळी, जरा फिकी. तिसरी तांबूसच राहिली.

"टाकलास ना थेंब?"

"टाकला."

"परत टाक."

"आजोबा, परत टाकून जास्त होत न्हाई. नळीत राहिलंय त्यातलंच जातंय."

दोन झाल्या, तिसरी हवी. आमच्या उरलेल्या चार नळ्यांत खपल्या अजून डोळ्यांना दिसत होत्या. ती परीक्षेचं नवं पाणी करायला उठली, आणि उठताना तिने त्या चार माझ्या स्टँडमध्ये ठेवल्या. "सावकाश," एवढंच म्हणाली. मी सावकाश हलवलं. अंगठा मनगटापर्यंत आखडला होता. कलमं बांधताना आखडायचा तसा, पण तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. चार वाजून गेले, तोवर हापूसच्या राहिलेल्या दोन नळ्याही साफ होऊन त्यांचे थेंब निळे झाले. ऑफिसातला माणूस दारात येऊन म्हणाला की साडेपाचला कुलूप लागणार. पाच वाजता चौथ्या नळीत मला खपली दिसेना. चष्मा पुसला. तरी दिसेना.

"बघ गो ही."

तिने उजेडात धरली. थेंब काढला, टाकला. काही झालं नाही. मग कडेने, अगदी सावकाश, निळं उतरत गेलं. फिकं होतं. तिने शेजारी दुसरी ठेवून ताडून बघितलं, रंग मोजायच्या मशीनवर मोजून आणलं.

"चालेल," ती म्हणाली. "कमी आहे, पण चालेल. तीन झाल्या."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं की घाम, मी बघितलं नाही. उरलेल्या तीन नळ्यांत खपल्या तशाच राहिल्या. त्या तिने वेगळ्या ठेवल्या, टाकल्या नाहीत.

नऊ नळ्या, सहा हापूसच्या आणि तीन आमच्या, गारठ्याच्या पेटीत जायला तयार झाल्या. मी खल पुसायला घेतला, तेवढ्यात तिने वही माझ्यापुढे ठेवली. सकाळी लिहिलेलं होतं तिथे बोट टेकवलं. दहा मिनिटे.

"हे खोटं आहे," ती म्हणाली. "वहीत खोडता येत न्हाई. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पायजे. वर खरं लिहायचं आणि ज्यानं केलं त्यानं सही."

"तू लिही."

"मी केलं न्हाई."

"चूक झाली असं लिहायचं?"

"मला चूक न्हाई पायजे. किती वेळ ते पायजे. उद्या कोण ह्या वहीवरनं काम करेल, त्याला तेवढंच लागतंय."

चूक लिहायला सांगितली असती तर मी पेन खाली ठेवलं असतं. पण वेळ विचारली होती. मी हातमोजे काढले, पेन धरलं. अंगठा आखडलेला, रेघ वाकडी गेली. खालचं 'दहा मिनिटे' नीट वाचता येत होतं. त्याच्यावर मी लिहिलं, 'एक तास, पंख्याखाली.' आणि खाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, जसं पगारपत्रकावर लिहायचो तसं. तिने ते वाचलं, तारीख घातली आणि वही मिटली.